हनुवटीखालचा हात

वालीवच्या एका वर्कशॉपमध्ये तीस वर्षं लेथवर काम केलं मी. जे मोजता येत नाही ते मानायचं नाही, ही सवय तिथलीच. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय...

गेल्या वर्षी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. धुकं गेलं, पण तिरका नंबर राहिला. अक्षरांना सावली, ट्यूबलाइट एक असली तरी दिसायच्या दोन. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "काका, बुबुळाचा आकार एका बाजूने ताणलेला आहे. कडेला दोन बारीक छेद दिले की सुधारेल. फक्त मान हलवायची नाही."

नेमकी तीच अडचण. माझी मान कापते. पहिल्या ऑपरेशनला त्यांना दोनदा थांबावं लागलं होतं. आताही जागेपणीच, नुसते बधिर करायचे थेंब घालून. वसईच्या त्या दवाखान्यात सकाळी अकरा वाजता आत गेलो, तेव्हा मनातून पार खचलो होतो.

तोंडावर हिरवं कापड आलं. वर झगझगीत दिवा. मान कापायला लागली. मॅडमचा आवाज आला — "काका, स्थिर राहा..." — आणि तेवढ्यात डावीकडून कुणीतरी माझी हनुवटी धरली. ऊबदार, खरखरीत हात. अंगठा एका गालावर, बोटं दुसऱ्यावर. त्यातलं पहिलं बोट अर्धंच होतं.

माझ्या ताईचं तसं होतं. गास गावात आमची वाडी होती, तिथे पाण्याच्या इंजिनाच्या पट्ट्यात तिचं बोट गेलेलं. आई लवकर गेली, मला ताईनेच वाढवलं. लहानपणी माझे डोळे आले की अशीच हनुवटी धरून औषध घालायची — "हलू नको रे, झालंच." तिला जाऊन सहा वर्षं झाली.

मान थांबली. अगदी थांबली.

"आज किती शांत पडून होतात," मॅडम नंतर म्हणाल्या.

मी विचारलं, "माझी हनुवटी कोणी धरली होती?"

त्यांनी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाली, "कापडाखाली कोणी हात घालत नाही, काका. आणि डावीकडे तर भिंतच आहे."

भीतीने भास झाला असेल, असं मीही स्वतःला सांगून बघितलं. पण मान थांबली, हे तर त्या दोघींनीही पाहिलं. त्याचं काय?

नंबर जवळजवळ गेला. आता पुढच्या महिन्यात डावा डोळा. बायकोला वाटतं मी घाबरलोय... खरं सांगायचं तर मी त्या दिवसाची वाट बघतोय.