घंटाताईंनी आणलेला माणूस

संस्थेत त्यांना सगळे घंटाताई म्हणत. तास संपल्याची घंटा देणं हे खरं तर शिपायाचं काम. पण शिपायाचं आणि घड्याळाचं कधी पटलंच नाही, म्हणून कार्यालयात फोन घेणाऱ्या आणि दाखले देणाऱ्या ताईंनी ते आपल्या अंगावर घेतलं. मग नाव चिकटलं ते चिकटलंच. पुढे त्यांचं खरं नाव फक्त पगारपत्रकावर उरलं.

संस्था हाताला काम शिकवणारी होती. नळजोडणी, वीजकाम, शिवण असे वर्ग जुनेच होते. प्राण्यांची निगा राखायला शिकवणारा वर्ग नवा निघाला, तेव्हा पहिल्या तुकडीत पहिला अर्ज घंटाताईंच्या लेकीचा आला. एकुलती एक लेक. घरात तिला खारू म्हणत, कारण लहानपणापासून ती एका जागी म्हणून बसली नाही. पंख मोडलेलं कबूतर, कान फाटलेलं मांजर, गल्लीतलं लंगडं कुत्रं, सगळ्यांची वरात तिच्या मागोमाग घरात यायची. वडील शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं शिवणयंत्र आणि मागच्या खोलीत संसार.

"गिऱ्हाइकाच्या कोटाला मांजराचे केस लागले तर मी त्याला काय सांगू? लोकर आहे म्हणून?" ते ओरडायचे. आणि मग उरलेल्या कापडाच्या चिंध्या त्या मांजराखाली स्वतःच अंथरायचे. खारूला प्रवेश मिळाला त्या आठवड्यात त्यांनी तिला जाड कापडाचा एक झगा शिवून दिला. त्याला चांगले खोल खिसे ठेवले होते.

वर्गात शिकवायला एक तरुण सर होते. मनापासून शिकवायचे, पण त्यांचा हात कुत्र्या-मांजरांपलीकडे गेलेला नव्हता. गाय, घोडा हे सगळं तक्त्यांवरून. त्यात त्यांचाही दोष नव्हता, संस्थेकडे दुसरं काही नव्हतंच. खारू वर्गात पहिली आली आणि शहराबाहेरच्या पागेत कामाला लागली. तिथे घोडेस्वारी शिकवायचे. घोड्यांना खरारा करायचा, दाणा द्यायचा, ठाण झाडायचं, हे तिचं काम. रोज घरी येऊन ती घोड्यांच्या नकला करून दाखवायची. बाप हसून हसून यंत्राचं पायडल मारायचा थांबायचा.

नोकरी लागून जेमतेम काही आठवडे झाले होते. एका सकाळी बादली घेऊन ती एका घोड्याच्या ठाणात शिरली. घोडा बिचकला आणि त्याची लाथ तिच्या छातीवर बसली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्यानंतर घंटाताई कामावर परत आल्या तेव्हा कुणाला त्यांच्याकडे बघवेना. त्यांनी पर्स खुंटीला अडकवली आणि वेळ झाली तशी घंटा दिली. दिवसभर कुणी त्यांच्याशी धड बोललं नाही. शिपायाने तेवढा न मागता चहा आणून ठेवला.

प्राचार्यबाईंनी मग सगळ्यांना बोलावलं. "हा वर्ग असा पुस्तकावर चालवायचा नाही," त्या म्हणाल्या. "ज्यांचं आयुष्य जनावरांत गेलंय अशी माणसं आपल्याला हवीत. काय शिकवायचं, कसं शिकवायचं, हे त्यांनी सांगायचं. मार्गदर्शक मंडळ करू. पण ही माणसं कामातून हलत नाहीत. त्यांच्या मागे कुणीतरी लागायला हवं."

बोलताना त्यांनी सगळ्यांकडे पाहिलं, फक्त घंटाताईंकडे पाहायचं टाळलं.

"मी लागते मागे," घंटाताई म्हणाल्या.

आणि त्या खरोखरच हात धुऊन मागे लागल्या. जनावरांच्या डॉक्टरांना पहिला फोन केला, तर पलीकडून धापा टाकल्याचा आवाज. "ताई, माझा एक हात आत्ता गाईच्या पोटात आहे. दुसऱ्या हातात फोन धरलाय. नंतर बोलू का?"

"बोला ना सावकाश. मी थांबते," घंटाताई म्हणाल्या, आणि फोन कानाला लावून तशाच बसल्या. बऱ्याच वेळाने पलीकडे वासरू हंबरलं. डॉक्टर म्हणाले, "अजून आहात? मग यायलाच पाहिजे." कुत्र्यांचं पार्लर चालवणाऱ्या बाईंनी आधी कात्रीसारखी जीभ चालवली, "शोभेला बसवून सह्या घेणार असाल तर मला वेळ नाही," आणि मग चहासोबत होकार दिला. मोठ्या गोठ्याचा व्यवस्थापक तीनदा निरोप देऊन टाळत राहिला. त्या त्याच्या फाटकाशी जाऊन पहारेकऱ्याच्या स्टुलावर बसून राहिल्या. शेवटी तोच ओशाळून बाहेर आला.

राहिले घोडे. गावात पागा एकच.

"घोडे वगळू आपण," प्राचार्यबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

"आपण वगळलं म्हणून पोरं तिकडे कामाला जायची थांबणार आहेत का?" घंटाताईंनी विचारलं, आणि दुसऱ्या दिवशी अर्ध्या दिवसाची रजा टाकली.

पागेवाल्याने त्यांना फाटकातच ओळखलं. अंत्यविधीला तो आला होता, पण लांब उभा राहून निघून गेला होता. साठीच्या आसपासचा, उन्हाने रापलेला माणूस. त्याने एक खुर्ची आणली, गळ्यातल्या फडक्याने पुसली, परत पुसली, आणि स्वतः उभाच राहिला. घंटाताईंनी मंडळाचं सांगितलं. तो जमिनीकडे बघत ऐकत होता.

"ताई, तुम्हाला एक गोष्ट माहीत नाही," तो म्हणाला. "ऐकलीत तर मला बोलावणार नाही तुम्ही."

"सांगा."

"तो घोडा उजव्या डोळ्याने आंधळा आहे. आज नाही, कैक वर्षं. आमच्या पागेत सगळ्यांना ठाऊक. आम्ही त्याच्याकडे जाताना आपोआप डाव्या बाजूने जातो, आधी हाक देतो. इतकं अंगवळणी पडलंय की ती सांगायची गोष्ट आहे हेच मी विसरलो. तुमची पोर हुशार होती. तिला एकदा सांगितलं असतं तर पुन्हा सांगावं लागलं नसतं." त्याने फडकं मुठीत पिळलं. "सांगायचं राहून गेलं, ताई. एवढंच झालं."

इतके महिने घंटाताईंनी मनाशी समजूत घातली होती की जनावर ते जनावर, त्याला काय कळतं. आता कळत होतं की एका वाक्याने त्यांची लेक घरी आली असती. त्यांना वाटलं, उठावं आणि या माणसाला दोन्ही हातांनी बडवावं. त्या उठल्या.

"मला तो दाखवा," त्या म्हणाल्या.

पागेवाल्याने घोड्याला हाक दिली आणि त्यांना डाव्या बाजूने नेलं. तपकिरी रंगाचा, पाठ खचलेला म्हातारा घोडा होता. त्याने मान पुढे काढली आणि त्यांच्या पर्सला नाक लावून खायला काही आहे का ते हुंगलं. त्याचा उष्ण श्वास त्यांच्या मनगटावर आला. त्याचा राग करायला म्हणून त्या त्याच्यापाशी आल्या होत्या, पण त्याने मान वळवली तेव्हा दिसलेल्या त्या दुधी रंगाच्या डोळ्याकडे बघून त्यांना नुसतं रडू आलं. पागेवाला तोंड फिरवून उभा राहिला.

निघताना त्यांनी तोंड पुसलं. "बैठक मंगळवारी आहे. या."

"कोणत्या तोंडाने येऊ?"

"आत्ता मला जे सांगितलंत ना, ते मुलांना सांगायचं. तेवढ्यासाठी या."

घरी त्यांनी हे सांगितलं तेव्हा शिंप्याची कात्री कापडात अर्ध्यावर थांबली.

"राहून गेलं म्हणे!" तो म्हणाला. "अगं, बोटभर माप चुकलं तर गिऱ्हाईक माझ्या अंगावर येतं. आणि या माणसाने माझी पोर घालवली, त्याला तू खुर्ची देणार? चहा देणार?"

"अहो, दुसऱ्या कुणाची पोर तरी..."

"मला दुसऱ्या कुणाचं सांगू नकोस."

त्या दिवसापासून त्याने आपलं अंथरूण पुढच्या खोलीत, यंत्राशेजारी नेलं. बोलणं उरलं ते मीठ संपलंय, किल्ली कुठे आहे, एवढ्यापुरतं. घंटाताईंनी त्याला बोल लावला नाही. त्याच्या जागी आपण असतो तर आपणही असंच केलं असतं, असं त्यांना वाटे. आणि तरीही मंगळवारी त्यांनी पागेवाल्यापुढे चहाचा कप ठेवला. थोडा चहा बशीत सांडला. तो दोन्ही हातांनी बशी धरून बसला.

तो काही बोलका माणूस नव्हता. पहिल्या बैठकीत त्याने तोंड उघडलं नाही. त्याचा पहिला तास तर पार फसला. मुलांसमोर उभा राहून तो खडूशीच खेळत बसला, आणि मागच्या बाकांवर खसखस पिकली. शेवटी तरुण सरांनीच त्याला सावरून घेतलं. सर विचारायचे, तो उत्तर द्यायचा. हळूहळू जमत गेलं. डॉक्टरांनी सगळ्यांच्या बोलण्यातून एक नियम बांधला: कुठल्याही मुलाला कामावर पाठवायचं, तर तिथल्या जाणत्या माणसाने आधी एकेका जनावराची ओळख करून द्यायची. त्याची खोड, त्याचं दुखणं, त्याला कशाची भीती वाटते ते. त्याशिवाय मूल आत जाणार नाही. गोठ्याच्या व्यवस्थापकाने कुरकुर केली, "माझ्या दोनशे म्हशींची ओळख करून देता देता मीच म्हातारा होईन." पार्लरवाल्या बाई म्हणाल्या, "मग काठी मी घेऊन देईन." हसणं झालं, आणि नियम ठरला. घंटाताई कोपऱ्यात बसून इतिवृत्त लिहीत होत्या. त्या हसल्या नाहीत, पण लिहायच्या थांबल्याही नाहीत.

अशी दोन वर्षं गेली. एके दिवशी जिन्यात घंटाताईंचा पाय मुरगळला. प्राचार्यबाईंनी घरी फोन केला, आणि शिंपी स्कूटर घेऊन न्यायला आला. लेक गेल्यापासून त्याने संस्थेची पायरी चढली नव्हती. घंटाताई कार्यालयात पायाला बर्फ लावून बसल्या होत्या. तो बाहेरच्या बोळात थांबला. समोरच्या वर्गाचं दार उघडं होतं. आतून एका म्हाताऱ्याचा आवाज येत होता.

"माझ्याकडे एक मुलगी होती. घोड्यांशी असं बोलायची जसं आपण शेजाऱ्याशी बोलतो. मी तिला एक गोष्ट सांगायला विसरलो. आता ती गोष्ट मी तुम्हाला सांगतो..."

शिंपी भिंतीला टेकून शेवटपर्यंत उभा राहिला. म्हातारा दारातून बाहेर आला तेव्हा दोघांची नजरानजर झाली. पागेवाल्याने हात जोडले. शिंप्याने जोडले नाहीत. तो कार्यालयात गेला, बायकोच्या खांद्याखाली हात घातला आणि तिला उठवलं.

घरी त्याने तिला खाटेवर बसवलं, पायाखाली उशी दिली. मग तिथेच जमिनीवर बसला.

"तो घोडा आहे का अजून?" त्याने विचारलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच त्याने विचारलं होतं.

"गेला. हिवाळ्यात. म्हातारा झाला होता."

"कसा गेला?"

"झोपेत. डॉक्टर सांगत होते, त्रास नाही झाला."

शिंप्याचा चेहरा एकदम वाकडा झाला. अंत्यविधीच्या दिवशी त्याच्या डोळ्यांतून पाणी आलं नव्हतं. लोक म्हणाले होते, माणूस दगड झाला. आता तो लहान मुलासारखा हुंदके देऊन रडला, आणि घंटाताई वाकून त्याच्या केसांतून हात फिरवत राहिल्या. पागेवाल्याबद्दल तो त्या दिवशी काही बोलला नाही, पुढेही कधी बोलला नाही. संस्थेत पुन्हा गेला नाही. अंथरूण मात्र आत आणलं.

घंटाताई अजून कार्यालयात असतात. उन्हाळ्यात प्रवेश सुरू झाले की आया आपल्या पोरींना घेऊन खिडकीशी येतात. अर्ज हातात घेऊन कुणीतरी विचारतेच, "ताई, या कामात धोका नसतो ना?"

"असतो," घंटाताई म्हणतात. "आम्ही जपून शिकवतो. तरी असतो."

काही जणी अर्ज भरतात. काही जणी पोरीचा दंड धरून जिना उतरून जातात. त्यांना त्या थांबवत नाहीत.