डाव्या वेढ्याची गोगलगाय

वर्ध्यात समुद्राशी संबंध असलेल्या दोनच गोष्टी मला माहीत होत्या. एक मीठ आणि दुसरा मी. मिठाला निदान कोणी कारण विचारत नसे.

आणीबाणी उठल्यानंतरच्या वर्षी मी तिथल्या एका कॉलेजात प्राणिशास्त्राचा तात्पुरता व्याख्याता होतो. तात्पुरता म्हणजे एप्रिलात नोकरी जायची आणि जुलैत, संस्थेच्या मनात आलं तर, परत यायची. आमच्याकडे पीएच.डी. करायची म्हणजे बेडकाचं यकृत किंवा कपाशीवरची अळी, असे दोन सरळ रस्ते होते. मी तिसरा धरला तो हौसेनं नव्हे, कंटाळ्यानं. माझा एक वर्गमित्र समुद्राचा तळ उपसणाऱ्या जहाजावर नोकरीला लागला होता. त्यानं धुऊन, चाळून, वाळवलेला गाळ बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात भरून मला पाठवला. यात बारीक गोगलगायींचे शंख आहेत, इकडे त्यांच्याकडे पाहायला कोणाला वेळ नाही, असा सोबत निरोप. वेळ तेवढा माझ्याकडे होता.

काम सोपं आणि जीव काढणारं होतं. काळ्या कागदावर चिमूटभर गाळ पसरायचा, सूक्ष्मदर्शकाखाली घ्यायचा आणि ओल्या कुंचल्याच्या टोकानं एकेक शंख बाजूला करायचा. बहुतेक शंख तांदळाच्या कणीएवढे, काही खसखशीएवढे. ते होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या रिकाम्या बाटल्यांत ठेवायचो आणि वर कापसाचा बोळा लावायचो. कापूस घरचा. आंजीला आमची शेती होती आणि ती थोरला भाऊ पाहायचा.

एकदा तो बाजारात कापूस घेऊन आला होता. गाडीचा नंबर लागायला वेळ होता म्हणून कॉलेजात डोकावला. मी त्याला सूक्ष्मदर्शकातून एक शंख दाखवला. एक डोळा मिटून त्यानं बराच वेळ पाहिलं.

"हे खातेत काय?"

"नाही."

"याचं औषध होते?"

"नाही."

"मंग तू काऊन निवडून राह्यला?"

"कोणता कोणत्या जातीचा ते ठरवायचं असतं."

त्यानं दुसरा डोळा उघडला. "घरी आई तुरीच्या दाळीतले खडे निवडते. ते फेकते तरी. तू जपून ठेवून राह्यला." आणि बाहेर जाता जाता म्हणाला, "कोनी विचारलं तर मी सांगतो का तू शिकवतो. हे नाई सांगत."

जात ठरवायची म्हणजे शंखाची अंगलट वाचायची. वेढे किती, ते फुगीर की बसके, दोन वेढ्यांमधली शिवण खोल की वरवरची, अंगावर उभे कंगोरे आहेत की आडव्या रेषा, बुडाशी बेंबीसारखी खळगी आहे की नाही, तोंड गोल की लांबट. पण हे सगळं वरवरचं, माणसाच्या कपड्यांसारखं. खरी ओळख असते शिखराच्या टोकाला. गोगलगाय अंड्यातून निघते तेव्हाचं इवलंसं घर ती कधी मोडत नाही, त्यालाच जोडून बांधकाम वाढवत नेते. त्यामुळे तिचं बालपण शिखरावर जसंच्या तसं राहतं. टोकाचे वेढे पुष्कळ आणि बारीक असले तर पिल्लू बरेच दिवस पाण्यात तरंगत भटकलेलं असतं. टोक ढोबळ, एखाद्या वेढ्याचं असलं तर ते जन्मलं तिथेच चिखलात रांगू लागलेलं असतं. बाकी सगळं सारखं असलेले दोन शंख नुसत्या टोकावरून दोन जातींचे ठरू शकतात. माणसांच्या बाबतीत ही सोय नसल्यामुळे आपल्याला सत्कार-समारंभ ठेवावे लागतात.

दुसऱ्या वर्षीच्या पावसाळ्यात, डबा अर्ध्यावर आला असताना, मला तो शंख सापडला. शिखर वर आणि तोंड आपल्याकडे धरलं की जवळजवळ सगळ्या गोगलगायींचं तोंड उजव्या बाजूला येतं. याचं डावीकडे होतं. तेवढ्यानं हुरळून जाण्यात अर्थ नव्हता. समुद्रात पोहणाऱ्या काही गोगलगायी डाव्याच असतात आणि मेल्यावर त्यांचे शंख तळावर पडतात. पण ते काचेसारखे पातळ आणि गुळगुळीत असतात, हा जाड आणि कंगोऱ्यांचा होता. तळावरची एक डावी जमातही आहे, पण तिचे शंख उंच, निमुळते आणि मण्यामण्यांचे. हा बुटका, आणि बुडाशी बेंबी असलेला. शेवटी दोनच शक्यता उरल्या. याच डब्यात अगदी अशाच कंगोऱ्यांची एक उजवी जात भरपूर होती. हा तिच्यातलाच चुकून डावा वळलेला एखादा असेल, किंवा आजवर कोणी न पाहिलेली जात असेल.

उत्तर टोकावर होतं. टोक त्या उजव्या जातीसारखंच निघालं तर चुकार, वेगळं निघालं तर नवीन जात. आणि नेमकं टोकावर चिखलाचा एक कण घट्ट बसलेला. सुईनं काढावा तर टोक मोडायची भीती. पाण्यात भिजवावा तर कण सुटला असता, पण शंखाला कुठे केसाएवढा तडा असेल तर शंखही सुटला असता. असा दुसरा शंख नव्हता. नागपूरला विद्यापीठात चांगला सूक्ष्मदर्शक होता आणि हात न थरथरणारे एक जण होते. दिवाळीच्या सुट्टीनंतर तिथे जायचं मी ठरवलं. डब्यातली एवढी एकच गोष्ट मला खरोखर जाणून घ्यायची होती.

आमचे विभागप्रमुख वर्ध्याच्या मे महिन्यातही कोट घालत. प्राचार्यांची जागा रिकामी होणार होती आणि संस्थेचा रौप्यमहोत्सवही तोंडावर आला होता. डाव्या शंखाची बातमी ऐकून ते पहिल्यांदा माझ्या टेबलापर्यंत चालत आले.

"नवीन जात आहे ना?"

"अजून सांगता येत नाही, सर. टोक पाहायचं आहे."

"टोक पाहा. पण नवीन आहे असं पाहा."

संस्थेचे अध्यक्ष कापसाचे मोठे व्यापारी होते. गाव त्यांना शेठजीच म्हणायचं. त्यांच्या आडनावाला लॅटिन शेपूट जोडून ते या गोगलगायीला द्यायचं, आणि महोत्सवात तशी घोषणा करायची, असा सरांचा बेत होता. मी टाळाटाळ करत राहिलो. त्या ओघात, विषय हलका करावा म्हणून, एवढं बोललो की पूजेतला दक्षिणावर्ती शंख म्हणतात तोही असाच वळलेला असतो. पूजेत शंख शिखर खाली करून धरतात, म्हणून आपला डावा तो त्यांचा उजवा.

सरांनी कोटाचं बटण लावलं. दुसऱ्या दिवशी शेठजींच्या पेढीवरून निरोप आला. कॉलेजला दक्षिणावर्ती सापडला हे भाग्याचं आहे, लक्ष्मीपूजनाला तो पेढीवर आणावा.

"नुसतं दर्शन," सर म्हणाले. "बाटलीतून बाहेरसुद्धा काढायचा नाही."

लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दिवस कलताना आम्ही पेढीवर गेलो. रुईच्या गाठींना झेंडूच्या माळा घातल्या होत्या. शेठजी, शेठाणीबाई, त्यांचा गोतावळा, गावातली चार मोठी माणसं. बाटली पाटावर ठेवली. गुरुजींनी चष्मा कपाळावर चढवला, मग परत डोळ्यांवर आणला.

"कुठं आहे?"

"आतमध्ये. कापसाच्या खाली."

"मले वाटलं शिशी रिकामी आणली. काचेत ठेवून पूजा नाई होत. पानावर काढा."

मी सरांकडे पाहिलं. सर लक्ष्मीकडे पाहत होते. शंख कुंचल्यानं विड्याच्या पानावर उतरवला.

शेठाणीबाई वाकल्या. "एवढासा? याले फुंकतेत कसं?"

"याले मुंगी फुंकते," मागून कोणीतरी म्हणालं आणि गोतावळा हसला.

"देखो," शेठजी म्हणाले, "देव काही वजनावर नसते. वजनावर कापूस असते."

गुरुजींनी माझं भिंग मागून घेतलं. एका काडीनं शंख शिखराकडून खाली कलता केला, तोंड कुठे उघडतं ते पाहिलं आणि मान डोलावली. "दक्षिणावर्तीच. अभिषेक करा लागंल."

"सर," मी हळूच म्हणालो, "पाणी लावायचं नाही."

"समुद्रातलीच आहे ना ती?" सर तितक्याच हळू म्हणाले. "तिला पाण्याचं काय?"

पान तामणात ठेवलं गेलं. गुरुजींनी पळीनं पाणी सोडलं. शंख पानावरून घसरून तामणाच्या बुडाशी बसला. शंखाला काही झालं नाही. मी भिंग परत घेतलं आणि तामणावर वाकलो. चिखलाचा कण गेला होता. पावसाळ्यापासून ज्याला हात लावायची मला हिंमत झाली नव्हती, ते टोक स्वच्छ, पांढरं, अखंड दिसत होतं. हातातल्या भिंगातून एवढंच कळलं की ते गोल आहे. वेढे मोजायला सूक्ष्मदर्शक हवा होता. सूक्ष्मदर्शक कॉलेजात, कॉलेजला सुट्टी, प्रयोगशाळेची किल्ली सरांच्या घरी खुंटीला.

"शेठजी, थोडा वेळ द्या," मी म्हणालो. "कॉलेजात नेऊन एकदा पाहतो आणि लगेच परत आणतो. रिक्षा उभी आहे."

शेठजींनी गुरुजींकडे पाहिलं.

"मुहूर्त सरते," गुरुजी म्हणाले. "मास्तर, तुमी चार महिने पाह्यलं ना? आता देवाले पाहू द्या."

सरांनी माझ्या कोपराला हात लावला. दूध आलं, मग दही, तूप, मध, साखर. पांढऱ्या पाण्यात पांढरा शंख दिसेनासा झाला. वरून अक्षता पडत होत्याच. मग गुरुजींनी तामणातलं तीर्थ भांड्यात ओतलं, तुळशीचं पान टाकलं आणि पळीनं वाटायला सुरुवात केली. भांडं प्रत्येकापुढून फिरलं. मीही तळहात पुढे केला, कारण अशा ठिकाणी तो न करणाऱ्याची पुढे तीन पिढ्या चर्चा होते. साखर जरा जास्त झाली होती.

शेठाणीबाई कुंकवाची चांदीची डबी घेऊन आल्या. शंख त्यात ठेवून तिजोरीत जायचा होता. गुरुजींनी रिकाम्या तामणात बोट फिरवलं आणि बोटाच्या टोकावर एक पांढरा ठिपका वर आणला.

"हा घ्या."

मी भिंग लावलं.

"हाच ना?" शेठजींनी विचारलं.

"नीट पाहा," सर म्हणाले. टोकाबद्दल बोलताना काढला होता तोच सूर.

"ही तांदळाची कणी आहे," मी म्हणालो.

मग शोध सुरू झाला. पान उलटून पाहिलं, पाट उचलला, फुलं झटकली. तीर्थाचं भांडं कोरडं होतं. लोक आधी स्वतःचे तळहात पाहू लागले आणि मग, जरा संकोचानं, एकमेकांची पोटं.

"मंग तो गेला कुठं?" शेठजी म्हणाले.

गुरुजींनी पंचा खांद्यावर टाकला. "शंख लक्ष्मीचा. यायपैकी कोनाच्या तरी पोटात गेला. आता तो मानूस कसा वर येते ते पाह्यजा वर्षभरात."

पेढीवरचं वातावरण एकदम निवळलं. चांदीच्या डबीत कणी ठेवण्यात आली. शेठाणीबाई मला समजावत म्हणाल्या, "तुमी मनाले लावून घेऊ नका. तुमाले काचेतून तांदूळ दिसला. आमाले नुसत्या डोयानं दोनी सारखेच."

यातला दोष काढणं कठीण होतं.

त्या वर्षभरात ज्याचं ज्याचं बरं झालं त्यानं त्यानं शंख गिळला होता. शेठजींच्या पुतण्याला मुलगा झाला तेव्हा तो त्यानं गिळला होता. सर प्राचार्य झाले तेव्हा त्यांच्या नव्या खोलीत मी स्वतः ऐकलं, ते पाहुण्यांना सांगत होते की त्या दिवशी तीर्थ घेताना दाताखाली काहीतरी कुरकुरलं होतं. रौप्यमहोत्सवात गोगलगायीचा विषय निघाला नाही, शेठजींच्या अर्धपुतळ्याचा निघाला. जुलैत माझी कायम नोकरीची ऑर्डर आली आणि स्टाफरूममध्ये सगळे माझ्या पोटाकडे पाहून हसले. भावाला कळवलं तर तो म्हणाला, "म्हंजे आखीर खाल्ले वाटते तू ते."

मी उरलेला डबा उपसत राहिलो. रोज तास संपले की चिमूटभर गाळ, काळा कागद, कुंचला. उजवे शंख निघत राहिले, एकाहून एक देखणे. त्यांच्या जाती लागल्या, तक्ते झाले. डावा दुसरा निघाला नाही. डब्याच्या तळाला गंज आणि बिस्किटांचा फिकट वास उरला तेव्हा मी प्रबंध लिहायला घेतला. नागपूरला जायचं कारणच उरलं नव्हतं. पुढे तोंडी परीक्षेसाठी गेलो तेवढंच.

परीक्षक किनाऱ्याकडचे होते, थकलेले आणि सज्जन. पानं उलटता उलटता ते शेवटच्या चित्रापाशी थांबले. तो शंख सापडला त्याच आठवड्यात मी त्याचं चित्र काढून ठेवलं होतं. जे दिसतं तेच काढायचं, या नियमानं टोकावरचा चिखलही तसाच काढला होता. खाली एक ओळ होती. एकच नमुना, डावा, जात अनिश्चित, नमुना हरवला.

"नवीन जात होती?"

"माहीत नाही."

"टोक पाहिलं नाहीत?"

"चिखल होता."

"मग साफ का नाही केलात?"

शेजारी आमचे प्राचार्य बसले होते. कोट होताच.

"साफ झालं होतं," मी म्हणालो. "तेव्हा जवळ सूक्ष्मदर्शक नव्हता."

परीक्षकांनी माझ्याकडे पाहिलं, मग प्राचार्यांकडे, मग परत चित्राकडे. नमुना नसलेल्या शंखाचं चित्र प्रबंधात ठेवण्यात तसा अर्थ नाही, असं ते म्हणाले. मी हो म्हणालो. चहा आला. चित्र काढून टाका असं त्यांनी पुन्हा म्हटलं नाही आणि मीही पुन्हा विचारलं नाही. ते तिथेच आहे. टोकावर चिखल आहे.