आईला नळी का नाही टाकली

नाही. आईला नळी टाकली नाही. कृपा करून आता कोणी फोन करून विचारू नका.

आई काल दुपारी गेली. तिला घरातून नेलं आणि तासाभरात सल्ले सुरू झाले.

"पोटात नळी टाकली असती तर अजून चार-सहा महिने काढले असते."

"आजकाल तर पोट फाडावंही लागत नाही. स्क्रीनवर पाहून टाकतात."

माहीत आहे मला. तुमच्या मोबाइलवर ते व्हिडिओ यायच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे.

भिलाई तेव्हा मध्य प्रदेशात होती. बाबा तिथल्या स्टील प्लांटमध्ये टाइम ऑफिसात क्लार्क. त्यांना अन्ननलिकेचा कॅन्सर झाला. आधी पोळी अडकायची, मग भात, मग पाणीसुद्धा.

नाकातून एक बारीक नळी कशीबशी गेली होती, पण ती बाबांना सहन होईना. म्हणून थेट पोटात नळी टाकायचं ठरलं.

त्याचे दोन रस्ते होते. इथले, भिलाईचे सर्जन म्हणाले, भूल देऊन पोट उघडू आणि जठरात नळी शिवून टाकू. पण बिड्यांनी बाबांच्या छातीचं वाटोळं झालेलं. भूल झेपेल का, हीच भीती.

दुसरा रस्ता नागपुरात नवा नवा सुरू झाला होता. पोटात हवा भरायची, एक्स-रेच्या पडद्यावर पाहत बाहेरून सुई घालायची, मग तारेवरून नळी आत सरकवायची. फक्त तेवढी जागा बधिर करायची.

झालं. आमच्या क्वार्टरमध्ये सभा भरली. बाबांचे थोरले भाऊ, म्हणजे आमचे मोठेबाबा, भंडाऱ्याहून आले. चरोद्याहून रेल्वेवाले मामा आले.

मामा म्हणत, "इथंच करा. घर जवळ, डॉक्टर ओळखीचा. नागपूर काहाले?"

मोठेबाबा म्हणत, "पोट फाडू देनार नाही मी! सुईनं होऊन राहिलं तं चाकू कावून?"

आणि ही सगळी चर्चा चहा पीत. ज्या माणसाच्या घशाखाली थेंब उतरत नव्हता, त्याच्यासमोर फुर्र फुर्र करत. मला आजही आठवलं की डोकं फिरतं.

आईनं दारात उभं राहून एकच विचारलं. "त्या नळीतून मी काय काय देऊ शकीन यायले?"

"ते पाहू ना मंग," मोठेबाबा म्हणाले. विषय संपला.

नागपूरला गेलो. खोटं कशाला बोलू, काम सुरेख झालं. टाका नाही, भूल नाही, बाबा हसत घरी आले. मोठेबाबा तर अशा तोऱ्यात, जणू सुई यांनीच घातली.

ती नळी बॉलपेनच्या रिफिलपेक्षा जरा जाड असेल. पातळच द्या आणि नंतर पाण्यानं धुवा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आई पेज, डाळीचं पाणी, दूध, सगळं गाळून द्यायची.

आणि मग पोळा आला.

बाबा म्हणाले, "सणाचा दिस आहे वं. थोडंसं पुरन दे ना मले."

नैवेद्याचं पुरण घरच्या कर्त्या माणसाच्या पोटात जाणार नाही, हे आईला तरी कुठं सहन होणार होतं? तिनं ते दुधात कालवलं, मलमलच्या फडक्यातून गाळलं आणि सिरिंजनं दिलं.

नळी गच्च बसली. कोमट पाणी झालं, सिरिंजनं ओढून झालं. काही हलेना. भिलाईत तशी बारीक नळी मिळत नव्हती. पुन्हा नागपूर.

आता ऐका. आमच्या घरात नवरा जेवल्याशिवाय बायको जेवत नसे. बाबा उपाशी, म्हणून आई उपाशी. पुरणपोळ्यांचा डबा तसाच ठेवून ती बाबांसोबत रेल्वेत बसली. डोंगरगड स्टेशन गेलं आणि ती बाबांच्याच अंगावर कोसळली.

पेशंट कोण, तेच डब्यातल्या लोकांना कळेना.

नागपुरात नळी बदलली. काही दिवसांनी नवीही बुजली. शेवटी इथल्या सर्जननी पोट उघडून करंगळीएवढी जाड रबरी नळी शिवली. भूल झेपली, पण खोकला आला की बाबा टाक्यांवर हात दाबून रडायचे. ती मात्र कधी बुजली नाही.

दोन्हींतली कोणती बरी? मला आजही सांगता येत नाही. सुईनं बाबांचा त्रास वाचवला, चाकूनं आमच्या खेपा वाचवल्या. माझा राग वेगळाच आहे. नळी कशी घालायची यावर सगळे भांडले. नळीच्या दुसऱ्या टोकाला रोज कोण बसणार, त्या बाईचं कोणी ऐकलंच नाही.

ऐकलं ते बाबांनी. दवाखान्यातून घरी आल्या दिवशी आई सिरिंज घेऊन आली, तर त्यांनी नळी मुठीत धरली.

"पह्यले तू जेव."

"असं कुठं असते का? तुमी उपाशी अन् मी जेवू?"

"माह्यासमोर बसून जेव. नाई तं मी नळीले हात लावू देनार नाई."

आई रडत रडत खाटेजवळ ताट घेऊन बसली. बाबा तिच्या तोंडाकडे पाहत होते. पहिला घास गेला तसं त्यांनी विचारलं, "मीठ बरोबर आहे?"

"कमी आहे जराशीक," आई म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. आई आधी जेवायची, बाबा मीठ विचारायचे, मग नळी. ते गेले त्या दिवसापर्यंत.

म्हणून यंदा आईचं खाणं कमी झालं आणि डॉक्टरांनी नळीचं विचारलं, तेव्हा मी तुमची सभा भरवली नाही. आईलाच विचारलं.

"मले नको बाई. जेवढं तोंडानं जाईन तेवढं खाईन."

वजन उतरत होतं, दिसत होतं मला. नाही टाकली. तिनं नको म्हटलं होतं.

काल दुपारी मऊ भात आणि वरण, दोन चमचे. तिसऱ्याला तोंड फिरवलं.

मी सवयीनं विचारलं, "आई, मीठ बरोबर आहे?"

"कमी आहे जराशीक."

त्यानंतर ती काही बोलली नाही.

जा आई. जेवून निघाली आहेस, आता बाबा रागावणार नाहीत.