समुद्रातल्या सोन्याचा मालक

माझ्या नवऱ्याला इथे आखातातल्याच कब्रस्तानात दफन करून तीन आठवडे झाले होते. मी इद्दतीत होते, विधवेने पाळायचे ते चार महिने दहा दिवस; सलव्याच्या फ्लॅटबाहेर पडत नव्हते, परपुरुषासमोर येत नव्हते. कुणाकुणाला कळवायचं राहिलंय ते बघायला मुलीने त्याचा ईमेल उघडला, तर त्यात एका अनोळखी बाईचं पत्र होतं.

"मम्मी, धिस लेडी थिंक्स अब्बू ओन्स अ गोल्ड माइन."

माझा नवरा अर्दियातल्या एका कंपनीत अकाउंटंट होता. एसीचे सुटे भाग आणून विकणारी कंपनी. मी मुलीला म्हटलं, कुणीतरी फसवायला लिहिलं असेल, काढून टाक. पण तिने पत्र पूर्ण वाचून दाखवलं.

लिहिणारी एका लांबच्या बेटावरची शिक्षिका होती. त्यांच्या किनाऱ्यासमोरचा समुद्र सरकारने सोनं काढायला भाड्यानं दिला होता. जहाजं तळाची वाळू ओढून घेतात, सोनं गाळून चिखल परत पाण्यात सोडतात. किनाऱ्याजवळची मासळी गेली. तिचा भाऊ लहान होडी घेऊन फार आत गेला, तो परतला नाही. कंपनी उत्तर देईना म्हणून गावातल्या बायका राजधानीला जाऊन नोंदणीच्या कचेरीत बसल्या आणि संचालकाचं नाव मिळवून आल्या. नाव माझ्या नवऱ्याचं. पत्ता आमचा, मजल्यासकट. तिने भरपाई मागितली नव्हती. एकदा येऊन पाणी तरी बघा, एवढंच लिहिलं होतं.

मी रायगडच्या किनाऱ्यावरची. माझे अब्बा मासेमारी करायचे. चिखलाच्या पाण्यात जाळं टाकून काय हाती लागतं, हे मला कुणी समजवायला नको होतं.

मुलीने त्या देशाची सरकारी वेबसाइट शोधली. सोन्यासाठी भाड्याने दिलेले समुद्राचे चार पट्टे होते, चारही एकाच कंपनीचे. संचालक एकच, माझा नवरा, आणि पुढे त्याचा पासपोर्ट नंबर. सगळे शेअर मात्र तिसऱ्याच देशातल्या दुसऱ्या कंपनीकडे, आणि तो देश कुणाचं नाव दाखवत नाही. कंपनी ज्या वर्षी निघाली त्याच वर्षी आम्ही सबाह अल-सालेमची एका खोलीची जागा सोडून सलव्याच्या या फ्लॅटमध्ये आलो होतो. "साहेबांनी पगार वाढवलाय," एवढंच नवरा तेव्हा म्हणाला होता. मीही पुढे विचारलं नव्हतं.

कपाटात त्याच्या शर्टांखाली हिरवी फाइल सापडली. त्यात त्या पट्ट्यांची मालकी दुसऱ्याला दिल्याचा कागद होता, खाली त्याची सही. ज्याला दिली त्याचं नाव लिहिलेलं नव्हतं. तारीखही नव्हती.

दोन दिवसांनी नवऱ्याच्या कंपनीचा मंदूब आला. सरकारी कागदांसाठी धावपळ करणारा हा हैदराबादी माणूस मय्यतीत शेवटपर्यंत थांबला होता. मी आतल्या खोलीत दाराआड बसले. फटीतून मला फक्त त्याचे मोजे दिसत होते, एकाला अंगठ्याशी भोक.

"भाभी, भाईजानकडे कंपनीची एक हिरवी फाइल होती."

"त्या खाणींचा मालक कोण?"

"कागदावर तर भाईजानच."

"आणि खरा?"

"मला नका विचारू. आणायला सांगितलंय, म्हणून आलोय."

"तारीख कुठली घालणार? माणूस तर गेला."

"ते हयात असतानाची." मग तो हळू आवाजात म्हणाला, "भाभी, मुलीची बारावीची परीक्षा आहे ना? तुम्हा दोघींचा इथे राहायचा अकामा भाईजानच्या नावावर होता. साहेबांनी मनात आणलं तर परीक्षेपर्यंत तुम्हाला इथे राहता येईल."

मी त्याला दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं. तो गेल्यावर मुलीने एकेका कागदाचा फोटो काढला.

"सेंड इट, मम्मी. नाऊ."

"परीक्षा झाल्यावर."

"तिचा भाऊ मेलाय, मम्मी." हे ती मराठीत म्हणाली.

"तुझा बापही मेलाय," मी म्हटलं. तिने फोन माझ्यासमोर ठेवला आणि खोलीचं दार लावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी फाइल गेली. आठवड्याच्या आत अकाम्याचं काम झालं. मुलगी परीक्षा संपेपर्यंत माझ्याशी कामापुरतंच बोलली. नमाज झाल्यावर मी नवऱ्यासाठी माफी मागायचे, आणि मग स्वतःसाठी मागताना शब्द अडायचे.

शेवटचा पेपर झाला त्या दुपारी मी पत्र सांगितलं आणि मुलीने ते इंग्रजीत लिहिलं. माझा नवरा वारला आहे, त्याने फक्त सही दिली होती, खरं नाव मला माहीत नाही, सोबत कागदांचे फोटो आहेत. उशीर का झाला, तेही लिहायला लावलं.

उत्तर आलं तेव्हा आम्ही सामान बांधत होतो. आधी शिक्षिकेने माझ्या नवऱ्याबद्दल दुःख कळवलं होतं. पुढे लिहिलं होतं की पट्टे आता एका नव्या कंपनीच्या नावावर आहेत, आणि मालकी बदलल्याची तारीख दिली होती. त्या दिवशी माझा नवरा व्हेंटिलेटरवर होता. त्याचा हात धरून मी बाजूला बसले होते, त्या हाताला बोटही हलवता येत नव्हतं.

नवी संचालक कुणी बाई होती. तिचं नाव देऊन शिक्षिकेने विचारलं होतं, तुम्ही हिला ओळखता का? मी ओळखत नव्हते. तसं कळवलं. मग तिची एकच ओळ आली, की आता त्या बाईला पत्र लिहायला घेतलं आहे.