सत्काराची शाल

सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात आमचे शेजारी अण्णा बाकावर तापाने कुडकुडत बसले होते. आत ऑक्सिजनची एकही खाट रिकामी नव्हती. सिस्टरांनी कपाटातून जरीकाठाची शाल आणून त्यांच्या अंगावर टाकली.

"ही तर सत्काराची दिसते," अण्णा धापा टाकत म्हणाले.

"हो ना. पहिली लाट ओसरल्यावर मिळाली. नारळाची चटणी झाली, शाल घडीतच राहिली. आता बोलू नका, अण्णा."

त्या सत्काराला मी हजर होतो. करोना हरल्याचं मंचावरून तिघांनी सांगितलं आणि चौथ्याने त्या तिघांचे आभार मानले. खाटा होत्या तेवढ्याच राहिल्या. आमच्या गावात शाली या सत्कारातून त्या सत्कारात फिरत असतात. कुणी ऊब यावी म्हणून पांघरलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो.

संध्याकाळी सिस्टरांनी दारातून हाक मारली, "चला अण्णा, खाट मिळाली."

अण्णांनी शाल काढून बाकावरच्या पुढच्या माणसाला दिली. मी त्यांना धरून आत नेऊ लागलो, तेव्हा एक बाई हातात पुरुषाच्या चपला घेऊन बाहेर आली. आम्ही माना खाली घातल्या. दुपारपासून आम्ही याचीच वाट पाहत होतो.