गिरणीतली फुंकर

गुंजवण्यात माझ्या थोरल्या भावाची, दादाची, भाताची गिरणी आहे. दिवाळीनंतर इंद्रायणीची पोती यायला लागली की आत समोरचा माणूस दिसत नाही, इतका कोंडा उडतो. दादाच्या छातीचा आवाज ऐकून डॉक्टरांनी बजावलं, "धूळ तरी बंद करा, नाहीतर गिरणी तरी." गिरणी बंद करणं दादाच्या हातून होणार नव्हतं, म्हणून धूळ माझ्या गळ्यात पडली.

पुण्यात माझं कामच ते. खोलीत वारा कसा फिरेल, बारीक कण कुठं जातील हे संगणकावर आधी बघायचं आणि मग पंखा कुठं बसवायचा ते ठरवायचं. दादाची गिरणी मी पडद्यावर उभी केली, छताला ओढणारा पंखा लावला. सगळे कण गुमान वर निघून गेले. तसाच पंखा खरोखरीच्या गिरणीत बसवला, तर पहिल्याच दिवशी दादा खोकून लालबुंद.

मला काही सुचेना. आत जा, बाहेर ये, पंख्याकडे बघ, चाललंच होतं.

"आगं, बस की एका जागी," दादा वैतागला. "निम्मी धूळ तूच उडवतीयास."

मग डोक्यात उजेड पडला. माझ्या पडद्यावरच्या गिरणीत माणसंच नव्हती! आमच्याकडे पोतं टाकून कुणी घरी जात नाही. आपल्या तांदळात दुसऱ्याचा मिसळू नये म्हणून जो तो यंत्रातून पडणाऱ्या तांदळाच्या धारेपाशी उभा राहतो, ओंजळीत तांदूळ घेऊन फुंकर मारतो, कोंडा किती राहिला ते बघतो. समोर दादा. तोही फुंकतो. आणि ती सगळी धूळ माझा पंखा वर ओढत होता, दादाच्या नाकावरून.

"लोकांना फुंकू नका म्हणून सांग ना."

"आन् तांदूळ कसा बगायचा त्येंनी? न्हाई जमायचं."

मग पडद्यावर माणसं उभी केली, त्यांना फुंकायला लावलं. त्यावरून गिरणीतला खरा पंखा खाली आणला, धारेच्या बाजूला, कमरेच्या उंचीवर.

तो सुरू झाला आणि कोंडा खालच्या खाली निघून गेला. पलीकडची भिंत दिसायला लागली. मी नाचायचीच बाकी होते.

दादानं सवयीनं ओंजळीत तांदूळ घेतला, फुंकर मारली. कोंडा हलला नाही. पुन्हा मारली, आणि भिंतीला हात टेकून दम खात राहिला. पोत्यापाशी उभ्या असलेल्या म्हातारीनं त्याची ओंजळ आपल्याकडे ओढली. तिच्या एका फुंकरीत तांदूळ स्वच्छ झाला.

मला रडू आवरेना.

"पंखा झ्याक झालाय, बरं का," दादा म्हणाला.