कोरड्या बोअरमधलं मीठ

आमच्या चिंचवडच्या कॉलनीत बोअर मारणारे एक चाचा राहत. निघालेले दगडाचे तुकडे ते काडेपेट्यांत ठेवत आणि वर खोली लिहीत.

अणुभट्टीचा कचरा खोल खडकात गाडावा का, यावर पेपरात दोन शास्त्रज्ञ भांडत होते. एक म्हणे खडक अभेद्य, दुसरा म्हणे पाणी वाट काढणारच.

"चाचा, कोण बरोबर?"

"बघितल्याशिवाय कसं सांगू, राव?"

त्याच आठवड्यात शेजारच्या कारखान्याच्या साहेबाने त्यांना कारखान्याच्या कोरड्या बोअरमध्ये विषारी पाणी सोडायला सांगितलं. बोअर एकशे ऐंशी फूट खोल होता. चाचांनी आधी त्यात चार पोती मीठ पाण्यात विरघळवून ओतलं आणि रोज सकाळी आमच्या पिण्याच्या विहिरीचं पाणी चाखू लागले. बोअरपासून विहिरीपर्यंतचं अंतर मी मोजलं, साठ पावलं.

अकराव्या दिवशी त्यांनी पेला माझ्यापुढे धरला. पाणी मचूळ, खारट होतं.

दुपारपर्यंत त्यांनी बोअर सिमेंटने बुजवला. "पुन्हा इथे काम मिळणार नाही!" साहेब ओरडत राहिला.

चाचा हात धुऊन म्हणाले, "मी अकरा दिवस बसलो. तो पेपरातला अणुभट्टीचा कचरा हजारो वर्षं राहणार म्हणतात. तेवढा वेळ चव घ्यायला कोण बसणार?"